हँगरची एरियल

एरियल मोडली तेव्हा एक हँगर सरळ करून खोचला,
तेव्हापासून पुणे केंद्र गाडीवर स्वच्छ लागतं.
म्हात्रे पुलाच्या अलीकडे, बदामाच्या झाडाखाली
मी, कोळशाची इस्त्री,
आणि दिवसभर बोलणारी माणसं.
गाणी लागली की मी निखारे फुलवून घेतो.
मला बोलणंच आवडतं.

सकाळी निमखेडकर बाई खंड्याबद्दल सांगतात.
नदीच्या दरडीत हातभर आडवं बीळ,
आत पार टोकाशी अंडी, पांढरीफेक.
काळोखात रंगाचं काय काम, असं म्हणून बाई हसतात.
मी चादरीची चौथी घडी घालतो
आणि पुलाखाली बघतो.
जलपर्णी, थर्माकोल, एकच बूट.
मधे त्यांनी पाणी वाजवलं. नदीचंच, म्हणाल्या.
कुठल्या नदीचं ते नाही म्हणाल्या.

अकराला एक म्हातारे चित्रकार.
रेडिओवर चित्रकार!
मुलगी विचारते, तुमचा निळा म्हणजे नक्की कसा निळा?
ते गप्प.
इतकं गप्प रेडिओवर कुणी राहत नाही,
मला वाटलं सेल गेले. दोन चापट्या मारल्या.
तेव्हा बोलले:
आई धुण्याला नीळ द्यायची,
बादलीत थेंब पडला की आधी धावतो,
मग कुठं जायचं ते विसरतो.
तो. तिथला.

धुराचा वास आला तेव्हा इस्त्री उचलली.
जोगळेकर वहिनींचा कुडता, बाहीवर तांबूस डाग.
संध्याकाळी ऐकून घ्यायचंय.

दुपारी बाजारभाव. गवार महाग.
मी गाडीखाली आडवा.

साडेपाचला चर्चा, विषय नदीकाठ.
दिघावकर साहेब म्हणाले, दोन्ही तीरांना पक्की भिंत,
वर फरशी, बाक, दिवे, सेल्फीला जागा.
साहेबांचे सदरे माझ्याकडेच येतात.
नीळ जरा जास्त, कॉलर आतून मेणचट,
खिशाला शाईचा जुना ठिपका,
तो मी दर वेळी घडीत आत घेतो.
दरडीतल्या बिळाचं काय, कुणी विचारलं नाही.
निमखेडकर बाई सकाळच्या.
त्यांना संध्याकाळी बोलवत नाहीत.

सदरा हातात होता. ठिपका वर आला.
येऊ दिला.

नऊला श्रुतिका. एक बाई बॅग भरतेय.
रेशमी साडीची सळसळ म्हणून कुणीतरी
माईकपाशी कागद चुरगाळतंय, मला फसवताय होय?
पण दार करकरलं तेव्हा मीही हात थांबवला.
नवरा म्हणतो, छत्री राहिली.
ती म्हणते,

आणि साहेबांचा ड्रायव्हर. हॉर्नवर हॉर्न.
मोजून गठ्ठा दिला. सात सदरे, दोन लेंगे.
तोवर रेडिओवर कलाकारांची नावं चालली होती.
ती काय म्हणाली? गेली, की छत्रीसाठी वळली?
ड्रायव्हर म्हणाला, कोण?

मग म्हणाला, हँगर सात दिले होते, सहाच आहेत.
मी हनुवटीनं दाखवला.
तो वाकून ऐकत राहिला थोडा वेळ,
उद्याचं हवामान सांगत होते.