चांदीचं नाक

गाळप हंगामात, रात्रपाळीला
मी रसाचा रंग मोजायची
आणि खाली, बॉयलरच्या मागच्या अंगाला,
सुपडू तडवी गंधक जाळायचा.

पिवळी ढेकळं, चणाडाळीच्या रंगाची,
गोणीतून फावड्यानं भट्टीत.
आधी वितळायची, मधासारखी.
हात जरा सैल पडला, ताव चढला,
की लालबुंद, चिवट, हट्टी होऊन बसायची;
वाफ पुढे जाऊन नळीतच गोठायची
आणि मग इंजिनियरसाहेबांच्या शिव्या
थेट साखर गोदामापर्यंत ऐकू.

अभ्रकाच्या झरोक्यातून ज्योत दिसायची.
निळी.
सुपडू मला बोलावून दाखवायचा,
"देख ताई, जसा मोर जयी ऱ्हायना."

उसाचा रस येतो तेव्हा
पाटाच्या गाळाचा सख्खा भाऊ असतो.
त्याला चुना पाजायचा,
मग सुपडूचा धूर त्याच्या पोटातून सोडायचा,
तेव्हा कुठं साखर
वरबापाच्या टोपीइतकी पांढरी होते.
माझ्या रजिस्टरात एक रकाना होता :
साखरेत उरलेला गंधकवायू,
दहा लाख भागांत सत्तरच्या आत.
मी रोज आकडा भरायची, सही करायची.
सुपडूच्या छातीत किती उरला
याला रकाना नव्हता.
आणि मीही तो आखला नाही.

त्या धुराला आगपेटीची काडी ओढल्याचा वास,
हजार काड्या, एकदम, नाकाच्या मुळाशी.
दुसऱ्या मजल्यावर मला ठसका लागायचा.
तो मात्र ओला गमछा सोडत बाहेर यायचा,
बिडी पेटवायचा.
एकदा म्हणाला,
"ताई, बिडीनाबी आते वास येत नही."
मी हसले होते.
मला वाटलं, बिडीची तक्रार आहे.

सहा वर्षांनी भेटला, उनपदेवला,
पौषातल्या यात्रेत.
मागे सातपुडा, समोर रेवड्यांची दुकानं,
गोमुखातून ऊन पाणी पडतंय
आणि कुंडाच्या पायरीवर
पोटऱ्या बुडवून बसलेला सुपडू.
खरूज गेली म्हणाला. ढोपरं अजून तशीच.
शेजारी हुरमतबाई, पदराला बांधलेली शेव सोडत.

"तू तं परीक्षावाली बाई," तो म्हणाला,
"तू सांग, आठे कसा वास येस?
मना नाकले काही कयत नही."

मी श्वास घेतला, तोंडी परीक्षेला उभी राहिल्यासारखी.
म्हटलं, आपल्या भट्टीचा नाही, सुपडूभाऊ.
हा जळलेला नाही. हा कुजका आहे, नासक्या अंड्याचा,
पण पातळ, लांबून चालत आलेला,
जमिनीच्या पोटात बराच वेळ गप्प बसलेला.
मग शेवाळ. मग तापलेला काळा दगड.
भेळवाला कांदा चिरतोय, तोही जरा ह्याच घरातला.
पलीकडे कुणीतरी पेरू फोडलाय.

तो डोळे मिटून ऐकत होता,
लष्करातल्या पोराचं पत्र
शेजाऱ्याकडून वाचून घ्यावं तसा.

हुरमतबाई काही बोलली नाही.
तिनं पायातला तोडा काढला,
दोरी बांधून गोमुखाखाली धरला.
शेव संपेपर्यंत चांदी पिवळसर झाली,
मग जांभळट, कबुतराच्या मानेसारखी,
मग काळी.
तिनं तो सुपडूच्या तळहातावर ठेवला.
त्यानं उलटून पाहिला, अंगठ्यानं चोळला,
"हाई मनं नाक शे," म्हणाला,
"घर जाईसन राखोडीघाई घसतस."

या काळ्याचं सूत्र मला पाठ आहे.
चांदीचे दोन, गंधकाचा एक.
मी ते सांगितलं नाही.
तोडा हातात घेतला, तर अजून गरम होता,
आणि आतल्या बाजूनं इतका झिजलेला
की कड बोटाला लागली.

चहा आला, काचेच्या ग्लासात.
साखर विचारायची गरज नव्हती, पाकच होता.
सुपडूनं सवयीनं ग्लास नाकाशी नेला,
थांबला,
माझ्याकडे पाहिलं.

"आलं आहे," मी म्हटलं.
"आणि थोडा गवती चहा."