चपला काढून

रविवार होता, प्रवेश फुकट होता,
फाटकावर कागदी पताका आणि पाटी : आज कुटुंबाचा दिवस.
चोडणहून आम्ही पाच जण,
आई, बाबा, मी, तीर्था
आणि चार वर्षांचा अंश, ज्याला फेरीबोटीवरच बजावलं होतं
की तिथे कशालाही हात लावायचा नाही.

रायबंदरच्या चढावरचं जुनं घर,
जांभ्याच्या पायऱ्या, शिंपल्यांच्या खिडक्या,
आता त्यात माणसांऐवजी चित्रं राहतात.
बाबा उंबऱ्याशी थांबले
आणि त्यांनी चपला काढल्या.
रखवालदार कायतान धावत आला :
"अंकल, पायतणां काडपाची गरज ना."
"असूं दी," बाबा म्हणाले,
आणि भिंतीला टाचा लावून नीट ठेवल्या,
देवळात ठेवतात तशा.

मला लाज वाटली, खोटं कशाला सांगू.
पण तीर्थानं लगेच बूट काढले,
अंशनं एकच काढला,
आणि आमच्या मागच्या म्हापशाच्या बाईंनी
तीन मुलींसकट, काही न विचारता.
अकरा वाजेपर्यंत दारात लग्नघरासारखा ढीग.
शेवटी कायताननंही बूट सोडले.
मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं.

फरशी गार होती.
अनवाणी माणसं हळू बोलतात
हे मला इतकी वर्षं ठाऊक नव्हतं.

वरच्या मजल्यावर मांडवी,
अख्खी भिंतभर, आणि मधोमध पांढरी फेरीबोट.
बाबा समोर उभे राहिले, हात मागे बांधून.
एकतीस वर्षं सारंग होते ते याच पाण्यावर.
"तिवरांची मुळं उघडी पडलीत," ते म्हणाले,
"म्हणजे सुकती. मग बोटीचं तोंड वरच्या अंगाला हवं.
ही तर थेट समुद्रात जाईल."
कायतान दिवाडीचा. त्यानं जवळ येऊन पाहिलं,
मान हलवली : बरोबर.
चित्रकार कधीच वारला होता,
बोट वळवायला कोणी नव्हतं.
दोघे बराच वेळ काळजीत उभे राहिले.
आई बाकावर पोटऱ्या दाबत बसली
आणि अंश, एका पायात बूट,
तिच्या मांडीवर झोपून गेला.

जेवायला पाव आणि पातळ भाजी, अंगणात, आंब्याखाली.
मग झेल्मा नावाच्या मुलीनं
सगळ्यांना चुन्याच्या पाट्या वाटल्या,
वर काव फासलेली, अजून ओली, आणि एकेक खिळा.
"वर काही काढायचं नाही," ती म्हणाली,
"फक्त खरवडायचं. जेवढं जाईल तेवढं दिसेल."
तीर्थानं मांजर केलं, मिशा शेपटीएवढ्या.
आई म्हणाली मला नाही जमत,
आणि शेजारच्या अनोळखी बाईचं अर्धवट कमळ
पुरं करून दिलं.
बाबांनी एकच रेघ ओढली,
आडवी, या कडेपासून त्या कडेपर्यंत,
आणि खिळा खाली ठेवला.
"हे काय?" तीर्था.
"पाणी."
"आणि बोट?"
"गेली पलीकडे."

पाच वाजता ढीग उपसला.
बाबांची डावी सापडली.
उजवीच्या जागी कुणाचीतरी तपकिरी,
एक नंबर मोठी, पट्ट्याला चकचकीत बक्कल.
कायतान ओशाळला, वहीत फोन नंबर लिहून घेतला,
जिन्याखाली पुन्हा वाकून आला.
बाबांनी पाय घालून पाहिला.
"बसता," म्हणाले.
आई हसली. इतकी,
की तिला पायरीवर टेकावं लागलं.

परतीच्या फेरीबोटीवर ते कठड्याशी उभे,
काखेत पाटी, वर्तमानपत्रात गुंडाळलेली.
नवा सारंग, पोरगेलासा, ओळखीचा नव्हता.
चोडणचा धक्का जवळ आला
आणि बोट टेकायच्या जरा आधी
बाबांचा उजवा पाय, त्या परक्या चपलेत,
आपोआप घट्ट रोवला गेला.