विहीर क्रमांक सात

मेन राज्यातल्या त्या बंद पेट्रोलपंपामागे
दर तीन महिन्यांनी ओडेट पेल्की बर्फ बाजूला सारते,
लोखंडी झाकण उघडते, नळी खाली सोडते.
बेचाळीस फूट.
पाणी नितळ. तेच तर वाईट.

एकोणीस वर्षांपूर्वी टाकी पाझरली
तेव्हा रोझेअरच्या कॉफीला टर्पेंटाइनचा वास आला.
बायकोला म्हणाला, भांडं नीट विसळ.
ती विसळत राहिली. त्याच पाण्यानं.

धूर कमी व्हावा म्हणून पेट्रोलात घातलेलं औषध ते.
हवेचं भलं केलं, आणि मुरलं.

खाली कुणीतरी खातंय ते.
एक घास, मग कितीतरी दिवस नुसतं बसणं;
प्राणवायू तिथं मोजूनमापूनच.
मोडतं, पण आधी दुसरंच काहीतरी होतं,
मग तेही मोजावं लागतं.

यंदा कागदावर आलं : आढळलं नाही.
ओडेटनं रोझेअरच्या दारात उभं राहून वाचून दाखवलं.
त्यानं नळ सोडला, पेला भरला,
उजेडात धरला,
हुंगला,
आणि खिडकीतल्या जिरेनियमला घातला.
"आधी त्याला पिऊ दे," म्हणाला,
"मला घाई नाही.
खालच्यांनाही नव्हती."