पूर्णा, आशिया/कोलकाता

स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यात तीन वर्षं
एकच वाक्य, फिकट अक्षरांत:
तुमची प्रत अस्सल नाही.
शपथपत्र वाचायला गिऱ्हाईक वाकलं
की मी त्यावर तळहात ठेवायची.

मोईज म्हणाला, "ताई, पैसे भरा,
नाहीतर फुकटचं घ्या.
फुकटचं म्हणजे चोरीचं नाही. ते निराळं."
आणि कासार बांगड्या मांडतो तशी
चार नावं मांडली काउंटरवर:
उबुंटू, मिंट, फेडोरा, डेबियन.
"हातात घालून बघा. बसली तर ठेवा."
पेनड्राइव्हवरून चालतं म्हणे,
आतल्या कशालाही धक्का न लावता.

चार रात्री बघितलं.
पहिलं नटवं, लॅपटॉपचा पंखा घरघरायला लागला.
दुसऱ्यात पूर्णाचा रफार णा सोडून
पू वर जाऊन बसायचा.
तिसऱ्याला वायफाय दिसेना.
चौथं साधं. काही विचारलं तरच बोलायचं.

अडचण बोटांची होती.
सतरा वर्षं जुन्या फॉन्टवर मुरलेली बोटं,
चाळीसच्या स्पीडचं सर्टिफिकेट भिंतीवर,
आणि इथं क च्या जागी क नाही.
दीर म्हणाले,
चालत्या गाडीतून उतरायला कोणी सांगितलंय तुम्हाला?
कोणीच नाही.
तेच तर.

रात्री साडेदहाला बसले.
बॅटरी बारा मिनिटांची,
मोईज सेलूला लग्नाला गेलेला.
त्यानं विचारलं, डिस्कची वाटणी करायची का?
अर्ध्यात जुनं, अर्ध्यात नवं, मधे बांध.
आमच्या माहेरी एका बांधावरून
दोन चुलते अकरा वर्षं बोलले नाहीत.
म्हणलं, सगळं पुस.

मग गाव विचारलं.
नकाशा उघडला. तीन दिशांना रूळ फुटतात
तिथं मी बोट न्यायला गेले,
टाचणी उडून कोलकात्यावर बसली.
परत आणली, परत गेली.
घड्याळ मात्र बरोबर होतं,
बाहेर अकोल्याची गाडी उशिरा होती नेहमीएवढी.

पासवर्ड टाइप केला, बारा अक्षरं.
एक ठिपका उमटला नाही.
वाटलं, कळफलक मेला.
मोईजला फोन लावला, मागं बँड वाजत होता.
ओरडून म्हणाला, "दिसत नाही, पण ऐकतंय! एंटर मारा!"

आता महिना झाला.
स्पीड बावीसवर आलाय, भिंतीकडं बघत नाही.
कोपऱ्यातलं वाक्य गेलंय,
तळहात अजून जातो तिथं, सवयीनं,
आणि काहीच झाकत नाही.

मेनू अर्धा मराठी, अर्धा इंग्रजी,
शेजारणीकडून आणलेलं विरजण
अर्ध्याच दुधाला लागावं तसा.
कोणीतरी रात्री बसून केला असणार,
पगार नसताना,
मधेच झोप लागली असेल, नाहीतर लेकरू उठलं असेल.
फाइलखाली लिहिलंय: वाचवा.
पहिल्यांदा बघून मी एकटीच हसले.
साठवा पाहिजे होतं ना, किंवा जतन करा.
मोईज म्हणतो, तुम्हीच दुरुस्त करा की,
पाठवता येतं, कोणालाही.
मजकूर लिहून ठेवलाय.

काल कलावतीबाई आल्या, ताडकळसहून,
पेन्शनसाठी हयातीचं शपथपत्र करायला.
नाव सांगितलं, वय अंदाजानं.
मी टाइप केलं: मी वरील अर्जदार
आजरोजी जिवंत आहे.
त्यांनी चष्म्याविना स्क्रीनकडं बघितलं.
"झालं का?"
"एक मिनिट," म्हणलं,
आणि वाचवा दाबलं.

दुरुस्ती अजून पाठवलेली नाही.