नमुन्याचे दोन दरवाजे

तीन आठवडे झाले,
लुनेनबर्गच्या चढावर, व्हेस्टा कोर्कमच्या स्वयंपाकघरात
भिंतीला टेकून उभे आहेत माझे दोन दरवाजे.
एक रंगाचा. एक पॉलिशचा.
नमुनेच नुसते, वीतभर रुंद, हातभर उंच,
मागे कपाट नाही, आत बशा नाहीत,
तरी बाई रोज त्यांची जागा बदलते:
सकाळी खिडकीशी, दुपारी स्टोव्हशेजारी,
संध्याकाळी दिवा लावायच्या आधी
जमिनीवर आडवे, अंगावर टॉवेल.

मुलगी हॅलिफॅक्सहून फोनवर सांगते, पांढरा.
पांढरा म्हणजे कुठला, ते डार्लीन सांगत नाही.
माझ्या गाडीत पांढऱ्याच्या सतरा पट्ट्या आहेत,
शिंपल्याचा, ताकाचा, धुक्याचा.
व्हेस्टा म्हणते, धुकं इथं फुकट येतं,
विकत कशाला घेऊ?

भाऊ मर्ल म्हणतो, जुना रंग काढा, लाकूड दिसू दे.
बर्च आहे तो, अस्सल बर्च,
त्याला अक्रोडी पॉलिश द्या, घर कसं खरं वाटेल.
मी गप्प.
तीस वर्षं हेच करतोय,
एका झाडाला दुसऱ्या झाडाचा रंग पाजायचा
आणि वर म्हणायचं, बघा, अस्सल.
रंग निदान आपण रंग असल्याचं कबूल करतो.

पण रंगाचेही गुण मला ठाऊक आहेत.
थंडीत लाकूड आकसलं
की सांध्यावर केसाएवढी चीर,
मुठीभोवती दोन वर्षांत हातांचा काळा चंद्र.
पॉलिश ओरखडा पचवतं,
रंग तो जपून ठेवतो.
गिऱ्हाईक विचारतं, टिकेल कुठलं?
मी विचारतो, घरात मुलं किती?
व्हेस्टाच्या घरात एक मांजर आहे.

शेवटी म्हटलं, एक दार सोलून बघू,
सिंकखालचं, ज्याच्याकडे कुणी बघत नाही.
अंगणात दोन घोड्यांवर आडवं टाकलं,
गरम हवा, मग पातं.
वर पिवळट. त्याखाली गुलाबी
(“ते माझ्या बहिणीचं डोकं,” व्हेस्टा म्हणाली),
त्याखाली हिरवा, जाड, होडीला लावतात तो,
तापला तसा बंदराचा वास सुटला
आणि व्हेस्टा खुर्ची घेऊन बाहेर येऊन बसली.

हिरव्याखाली लाकूड.
लाकूड कसलं, लाकडं म्हणा.
डावी पट्टी पाइन, उजवी स्प्रूस,
मधली फळी पॉपलरच्या दोन तुकड्यांची,
आणि पाठ सोलली तेव्हा खालच्या पट्टीवर
काळी छापील अक्षरं, निम्मी रंध्याने खाल्लेली:
“खारवलेला” एवढंच उरलेलं.
मासा गेलेला.
एका खिळ्याचं भोक लाकडी खुंटीने बुजवलेलं,
इतकं नेमकं, की डोळे मिटून बोट फिरवलं
तर मला सापडेना.

“गॅरेटने केली, लग्नानंतरच्या हिवाळ्यात,”
ती म्हणाली. “मला म्हणाला, बर्च आहे.
चाळीस वर्षं मी बर्च पुसत आले.”
मग हसली. मग बराच वेळ हसली नाही.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात.
ही उघडली, आणि मी हिशेब करत बसलो:
किती खोकी मोडली असतील त्याने,
किती रात्री, कोणाच्या शेडमध्ये,
ती झोपल्यावर.

तिने मर्लला फोन लावला.
“लाकूड बघितलं. पुरे झालं,” म्हणाली, आणि ठेवला.
नखाने हिरव्याची एक खपली काढली,
विजेच्या बिलाच्या पाकिटात घातली,
माझ्या खिशात दिली. “हा. असाच.”
दुकानातल्या पोराला तो तिसऱ्या खेपेला जमला.

पॉलिशचा नमुना तिने परत केला नाही,
त्यावर आता गरम भांडी ठेवते.
सिंकखालच्या दाराला
पुढून दोन हात हिरवे दिले,
पाठीला काही नाही, ती म्हणाली तसं.
उद्या कधी नळ गळायला लागला
आणि कुणी तिथं आत वाकलं,
तर त्यालाच वाचता येईल.