चीक

मेरिदामध्ये, लाँड्रीच्या मागच्या खोलीत
फिदेन्सिया पँट उलटी करते.
नवरदेवाची. लग्न सहाला.
कुठेतरी टेकला, आणि कुणाच्या तरी तोंडातलं
च्युइंगम घेऊन उठला.

ओढायचं नाही. ओढलं की तार सुटते,
शेजारच्या धाग्यांनाही गोवते.
ती पिशवीत बर्फ बांधून त्यावर धरते
आणि थांबते, बोटं बधिर होईस्तोवर.

बाप तिचा चिकूच्या झाडांवर चढायचा.
कमरेला दोर, हातात कोयता,
सालीवर नागमोडी खाचा पाडत
पावसाळाभर रानात. परतायचा तेव्हा
शर्ट इतका ताठ, की भिंतीला टेकून उभा राहावा.
आईनं तो कधी धुतला नाही.
चिकाचा वास गेला तर
हा आपलाच माणूस, हे कसं ओळखायचं, म्हणायची.

टक्.
बोथट सुरीखाली, दातांच्या खुणांसकट
तुकडा सुटतो.
ती तो नाकाशी नेते, सवयीनं.
पुदिना. साखर.
झाड कुठेच नाही.

पँटवर उरतो एक फिकट गोल.
त्यावर व्हिनेगरचा बोळा फिरवत
ती बाहेर ओरडून सांगते,
"साडेपाचला न्या.
आणि चर्चपर्यंत त्याला उभ्यानंच जाऊ दे."