न ठेचलेलं पान

पाला तोडताना कुणाशी बोलायचं नाही,
बाप सांगायचा.
बुधवारी नाहीतर शुक्रवारी, उजाडायच्या आत,
झुडपावर आपली सावली पडायच्या आधी.
बोललं की गुण उडतो,
उघड्या कुपीतून वास उडतो तसा.

मी दुसरा मुलगा.
औषध थोरल्याला द्यायचं असतं.
शिताहुनला घेऊन तो दरीत उतरायचा,
मी मागे, शेळ्यांबरोबर.
घरी यायच्या आधीच ओढ्याकाठी
दोघं सगळं ठेचून टाकायचे,
पानाचा आकार कुणाला कळू नये म्हणून.
मला दिसायचा हिरवा लगदा
आणि बापाची हिरवी नखं.

गावाला ठाऊक ते मलाही ठाऊक होतं.
कॉफीत सतापाची काडी.
पोटात जंत झाले की कोसोची लाल फुलं,
आणि त्या दिवशी घरापासून फार लांब न जाणं.
ऊन बाधून ओठ फुटले
की दामाकसेचा पाला चुरून
नाकात दोन थेंब.
एवढं तर आमच्याकडे कुत्रंही सांगेल.

बापाकडे यायचे ते
पिवळे पडलेले, सुजलेले, रात्री किंचाळत उठणारे.
पैसे घ्यायचा नाही तो.
मूठभर तेफ, नाहीतर एक अंडं.
मीठ मात्र कधीच नाही.
का, ते त्यानं शिताहुनला सांगितलं असेल.

शिताहुन गेला. आधी मेतेमा, मग सीमेपलीकडे,
मग जेद्दाहहून एक फोन:
"सिमेंटच्या गोण्या मोजतो, यिहेनेव.
झाडं सगळी डोक्यात आहेत.
इथे लावू कुठे?"
त्याच वर्षी बापाच्या डोळ्यांवर साय धरली.

एका पहाटे एनातनेशनं तिची पोर आणली,
नखांपर्यंत पिवळी.
बाप काठी चाचपत उठला.
काठी माझ्या हातात होती.
"चल," म्हणाला, "पण डोळे मिटून घे."

दोन आंधळ्यांनी ती दरी उतरायची?
मी हो म्हटलं
आणि डोळे उघडेच ठेवले.
आता वाटतं, त्याला कळलं असणार.
एवढ्या उतारावर मी एकदाही ठेचकाळलो नाही.

तिसऱ्या खडकाशी तो थांबला, वाकला,
हवेत हात फिरवू लागला,
अंधारात पाळण्यातलं मूल चाचपावं तसा.
पाळणा रिकामा होता.
तिथे आता नीलगिरी, संस्थेनं लावलेली,
शाळेच्या रांगेसारखी सरळ,
बुडाशी गवताची काडी नाही.

बोलायचं नव्हतं.
आणि मला सांगायचं होतं.
बापानं गळालेल्या सालीचा तुकडा उचलून
नाकाशी धरला. बराच वेळ धरला.
मग तिथेच बसला खाली.

तेव्हा आठवली ती कान फाटलेली शेळी.
पोट बिघडलं की वरच्या कपारीत चढून
एकच झुडूप खायची,
पानाच्या पाठीवर पांढरी लव असलेलं.
एकदा बापानं तिला तिथून दगड मारून हाकललं होतं,
जन्मात कुठल्या जनावरावर
हात न उचललेल्या बापानं.
मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. दगड विसरलो नव्हतो.

वर चढलो. हाताला आलं तेवढंच तोडलं.
त्याच्या तळहातावर ठेवलं.
त्यानं पान उलटं केलं,
लवेवरून अंगठा फिरवला, उलटा, मग सुलटा,
आणि उठला.

ओढा आला. तो थांबला नाही.
पाला तसाच, न ठेचता,
माझ्याच हातात राहू दिला घरापर्यंत.
उंबऱ्याशी म्हणाला, "उघड आता."
मी म्हटलं, "उघडले."

पोर बरी झाली. कशानं, देव जाणे,
आरोग्यकेंद्राच्या गोळ्याही चालू होत्या.
एनातनेशनं दोन्हीकडे एकेक अंडं दिलं.
शनिवार होता, उपास नव्हता.
आमच्या वाट्याचं अंडं बापानं उकडायला लावलं,
स्वतः सोललं, हळूहळू, एक टवका न उडवता,
आणि माझ्यापुढे धरलं.

मी मीठ मागितलं नाही.